कडबाकुट्टी ते किर्लोस्करवाडी

मित्रांनो, एका थोर माणसाच्या चरित्राची सुरुवात मोडलेल्या गिअरबॉक्सपासून करतोय, तेवढं चालवून घ्या!

आमचं घर निफाड तालुक्यात. द्राक्षबाग, थोडा कांदा, थोडा ऊस. पावसाळा संपला की बांधावर आणि नाल्याच्या कडेला गाजर गवत, घाणेरी आणि बाभळीची रोपं अशी काही माजतात की बांध कुठला आणि वाट कुठली तेच कळत नाही. त्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा रोटरी स्लॅशर आम्ही घेतला होता. स्वस्त मिळाला म्हणून घेतला, फार चौकशी केली नाही. दुसऱ्याच हंगामात झुडपात दडलेल्या दगडावर पातं आदळलं आणि गिअरबॉक्सची बॉडी उभी तडकली. सुटा भाग कुठेच मिळेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर नानांनी (माझे मोठे चुलते) सरळ फर्मान काढलं, की पोरगा मेकॅनिकलला आहे ना, मग या वेळी टिकाऊ यंत्र त्यानेच निवडायचं. एकीकडे व्हायवाचं टेन्शन आणि इकडे घरच्यांची ही परीक्षा. इथे एटीकेटी पण नाही!

मोडका स्लॅशर शेडमध्ये खोलत बसलो होतो. शेजारीच भिंतीला टेकवून ठेवलेला, पणजोबांच्या काळातला लोखंडी नांगर होता. लहानपणापासून त्यावर चढून खेळलो, पण त्यावरची ओतीव अक्षरं कधी नीट वाचली नव्हती. गंज खरवडला. अक्षरं निघाली, किर्लोस्कर. नाना म्हणाले, की या नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे आणि फाळ किती वेळा बदलला याची गणती नाही, पण नांगर मात्र तोच राहिला. तेव्हा मनात आलं, की टिकाऊ कशाला म्हणतात हे ज्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, तो माणूस होता तरी कोण? मग कॉलेजात परत आल्यावर लायब्ररीत जाऊन जे जे मिळालं ते वाचून काढलं. त्याची ही गोष्ट.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात पूजाअर्चा, वेदान्त आणि शिक्षणाचं वातावरण. यंत्राचा आणि त्या घराचा काही संबंध नव्हता. लक्ष्मणरावांचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्यांना दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं आणि यंत्रं. मोठे बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

आणि तिथे पहिला दणका बसला. आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच दिसू नयेत! आपल्याकडे एक विषय राहिला तरी आपण हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आयुष्य संपल्यासारखं बसतो. लक्ष्मणरावांनी काय केलं? रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. रेषेला रंग लागत नाही. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तिथे, ते मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षक म्हणून लागले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं खोलणं, जोडणं, इंजिन समजून घेणं हा त्यांचा खरा अभ्यास चालू झाला. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. आपल्यासाठी ही बाब जरा विचार करायला लावणारी आहे.

त्याच सुमाराला हिंदुस्थानात सायकली नव्याने आल्या होत्या. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. नुसतं विकून मोकळं व्हायचं नाही, घेणाऱ्याला वापरता आलं पाहिजे. ही सवय त्यांना तिथेच लागली असावी आणि पुढे आयुष्यभर ती उपयोगी पडली.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला परत आले. पक्की नोकरी सोडून सायकलीच्या दुकानात बसणं, तेही त्या काळात! नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असेल त्याची कल्पना आपण सहज करू शकतो.

पण सायकल हे शहरातल्या हौशी लोकांचं वाहन. बेळगावच्या भोवती तर सगळा शेतकरी. बैलजोडी, लाकडी नांगर आणि विळा एवढीच त्याची यंत्रसामग्री. लक्ष्मणराव परदेशी यंत्रांचे कॅटलॉग वाचायचे, चित्रं निरखायचे आणि आपल्या शेतकऱ्याला यातलं काय लागेल याचा विचार करायचे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी शेतीसाठी पहिलं यंत्र बनवलं, ते कडबा कापण्याचं. आपल्या भाषेत कडबाकुट्टी.

आता इथे जरा आपल्या विषयाकडे येतो. कडबाकुट्टीत काय असतं? एक जड चाक, चाकाच्या आऱ्यांना बसवलेली पाती आणि कडबा पुढे सरकवणारे रूळ. माणूस दांडा फिरवतो, जड चाक फ्लायव्हीलसारखं काम करतं, साठवलेली ऊर्जा कापायच्या क्षणी पात्याला मिळते. आमच्या ट्रॅक्टरमागचा स्लॅशर तरी दुसरं काय करतो? दांड्याऐवजी पीटीओ, माणसाऐवजी इंजिन आणि उभ्या चाकाऐवजी आडवं. पीटीओचे ५४० फेरे गिअरबॉक्स वाढवतो. समजा पाती दीड मीटर व्यासात फिरतात आणि मिनिटाला ८५० फेरे होतात, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६७ मीटर येतो. म्हणजे ताशी २४० किलोमीटर! एवढ्या वेगाने फिरणारं पातं दगडावर आदळलं तर ती ऊर्जा जाणार कुठे? टिकाऊपणाचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

कडबाकुट्टीनंतर लक्ष्मणरावांनी हात घातला लोखंडी नांगराला. साल साधारण १९०३. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. खोलवर गेलेली हराळी, कुंदा यांची मुळं तशीच राहायची. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटी करतो. विलायती नांगर बाजारात होते, पण मोजक्याच लोकांना परवडणारे. लक्ष्मणरावांनी आपला नांगर बनवला. आणि गिऱ्हाईकच मिळेना! लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं म्हणजे आपल्या चार सेमिस्टर, मित्रांनो. चार सेमिस्टर रोज वर्कशॉपमध्ये जायचं आणि एकही जॉब पास व्हायचा नाही!

या काळात लक्ष्मणरावांपुढे दोन प्रश्न होते. एक माणसांचा, एक लोखंडाचा. माणसांचा प्रश्न वाद घालून सुटणारा नव्हता. शेतकरी शेजारच्या रानातलं पीक बघून विश्वास ठेवतो, जाहिरात बघून नाही. लोखंडाचा प्रश्न तर आपण मटेरियल सायन्सच्या पेपरात दर वर्षी पाठ करतो. फाळ कडक असावा तर दगडाला लागून टवका उडतो, मऊ असावा तर चार दिवसांत बोथट होतो. टोक कडक हवं आणि अंग चिवट हवं. ओतकाम करताना साच्यात ठरावीक जागी लोखंडाचा तुकडा बसवला, की तिथला रस झटकन थंड होतो आणि तेवढाच भाग कडक बनतो, हे आज आपल्याला पुस्तकात आयतं मिळतं. बेळगावसारख्या गावात, ना प्रयोगशाळा ना कसलेला ओतारी, अशा अवस्थेत कशाने काय होतं हे एकेक ओतकाम बिघडवून शिकावं लागत होतं. आपल्या फाउंड्री शॉपमध्ये ज्याने एकदा तरी पोकळ निघालेला जॉब हातात धरलाय, त्याला हे दुःख कळेल.

जरा कुठे जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने नवीन वस्तीसाठी कारखान्याची ठळकवाडीची जागा सोडायला सांगितली. कारखाना उचलून न्यायचा कुठे? त्याच वेळी लक्ष्मणरावांना औंध संस्थानात बांधकामाचं एक काम मिळालेलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. त्यांना लक्ष्मणरावांची अडचण समजली आणि त्यांनी आपल्या संस्थानातच कारखाना काढायला सांगितलं. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा जन्म झाला.

जमीन कसली, ओसाड माळ होता तो! नुसता निवडुंग आणि त्यात साप. पाण्याचे हाल. ज्यांनी बांधावरची घाणेरी काढलीय त्यांनाच ३२ एकरांतला निवडुंग काढणं म्हणजे काय ते समजेल. ना ट्रॅक्टर, ना स्लॅशर. कोयता, कुऱ्हाड आणि माणसाचे हात. जगभर गेलेल्या या उद्योगाचं पहिलं काम झुडपं तोडण्याचं होतं, हे वाचून मला आमच्या बांधाबद्दल एकदम आदर वाटू लागला.

लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसं तर कोणत्याही एचआर मॅनेजरने पहिल्याच फेरीत बाद केली असती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार बघितला. शंभोअण्णा जांभेकर यंत्रं सांभाळायचे. मंगेशराव रेगे हिशेबाला. के. के. कुलकर्णी विक्रीपासून पडेल ते काम करायला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोकं अस्सल इंजिनिअरचं. आणि राखणीला कोण? तर तुकाराम आणि पिऱ्या, ज्यांच्यावर दरोडेखोर म्हणून शिक्का बसला होता! ज्यांची गावाला भीती, त्यांच्याच हातात कारखान्याची राखण दिली आणि त्या दोघांनी ती इमानाने केली. माणूस कोणत्या कामाला टिकेल हे लक्ष्मणराव सर्टिफिकेट बघून ठरवत नव्हते. वाडीत शिवाशिव पाळायला त्यांची मनाई होती, हेही त्या काळात सोपं नव्हतं.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायती नांगर येणं बंद झालं आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणीच मागणी. पण लोखंड आणि भट्टीसाठीचा कोकही मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि कोठीत माल नाही. मग कोकऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याचे प्रयोग झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. ज्या लोखंडाने लढाया पाहिल्या त्याचे नांगर झाले आणि ते शेतात गेले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली वाडीतून एक छोटं पत्रक निघू लागलं, त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला नांगर आणि मासिक दोन्ही ठाऊक होतं. १९२६ साली कारखान्याचा पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकलेले चिरंजीव शंतनुराव आता कारखान्यात आले होते. पुढे १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. महाराष्ट्रात कित्येक विहिरींवर जी टक-टक वाजायची, तिचं मूळ या नांगरात आहे.

इथेच गोष्ट गोड झाली असती. पण ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जमावाने पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभराची कमाई डोळ्यांदेखत जळणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येणार नाही. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. यंत्रं जळाली होती, ती यंत्रं बनवू शकणारी माणसं शिल्लक होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

हे सगळं वाचलं आणि मग मला मोडका स्लॅशर नीट दिसला. आता एक कबुली द्यायचीय. स्लॅशरच्या शाफ्टला एक शिअर बोल्ट असतो. पातं अडकलं की तो मुद्दाम तुटायचा असतो, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखंच. आमचा बोल्ट सारखा तुटायचा म्हणून मागच्या वर्षी एका शहाण्या माणसाने तिथे १०.९ ग्रेडचा कडक बोल्ट ठोकला होता. तो बोल्ट परवा हातात आला. एकदम ठणठणीत! बोल्ट वाचला, गिअरबॉक्स गेला. आणि तो शहाणा माणूस म्हणजे सेकंड इयर मेकॅनिकलचा अस्मादिक. वर्षभर आम्ही सगळे यंत्राला आणि विकणाऱ्याला शिव्या देत होतो. नानांना मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते नांगराकडे बघून हसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर यंत्र बघायला निघालो ते नांगराचा फाळ डोक्यात ठेवून. पहिली गोष्ट, काय मोडणार हे बनवणाऱ्याने आधी ठरवलंय का? शिअर बोल्ट आहे की स्लिप क्लच, आणि कोणता बोल्ट वापरायचा हे पुस्तकात लिहिलंय का? स्लिप क्लच असेल तर दर हंगामाला तो सैल करून, घसरतो ना हे तपासून परत बसवायचा, नाहीतर गंजून चिकटतो आणि असून नसल्यासारखा. दुसरी, पाती घट्ट बसवलेली आहेत की झुलती? झुलती पाती दगड लागला की मागे वळतात आणि धक्का कमी बसतो. पातं लवणारं, चिवट पोलादाचं हवं. फक्त कडक असेल तर तुकडा उडेल आणि तो कुणाला लागेल सांगता येत नाही. तिसरी, गिअरबॉक्स ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरला पुरणारा आहे का? द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर वेगळा आणि उसातला मोठा वेगळा. चौथी, खालच्या ऑइल सीलला तार गुंडाळू नये म्हणून आडोसा आहे का? बागेत तारेचे तुकडे आणि ठिबकच्या नळ्या पडलेल्या असतातच. सील गेलं की तेल गेलं आणि तेल गेलं की गिअरबॉक्स गेला. पाचवी, मागे-पुढे दगड अडवायला साखळ्या आणि पीटीओ शाफ्टवर गार्ड आहे का? आणि शेवटची, पण मी पहिली विचारलेली. पाती, बोल्ट, सील आणि बेअरिंग जवळच्या बाजारात, भर हंगामात, एका दिवसात मिळतात का?

दोन यंत्रं उरली. एक स्वस्त आणि पत्र्याने जाड, दिसायला एकदम दणकट. दुसरं थोडं महाग, पण सगळे सुटे भाग पिंपळगावात मिळणारं. वडिलांचा कल पहिल्याकडे होता, कारण बेदाण्याचे पैसे अजून यायचे होते. माझ्या हातून एक गिअरबॉक्स गेलेला, त्यामुळे मला जोर करून बोलायचा हक्क नव्हता. मी फक्त शेडमधला नांगर दाखवला. त्याचा फाळ बदलता आला म्हणून तो साठ-सत्तर वर्षं चालला. तो जर एकसंध असता, तर कितीही जाड असो, पहिला फाळ झिजला तेव्हाच भंगारात गेला असता. वडिलांनी दुसरं यंत्र घेतलं.

पहिल्याच आठवड्यात नाल्याकडेला खडाक् असा आवाज झाला आणि पाती थांबली. माझा जीव घशात! पीटीओ बंद केला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, मग वाकून पाहिलं. शिअर बोल्ट तुटला होता. खिशातला दुसरा, बरोबर त्याच ग्रेडचा, टाकला. दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू. आयुष्यात काही मोडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

मित्रांनो, आपण सगळे उद्या काही ना काही बनवणार आहोत. पास होण्यापुरतं ड्रॉइंग काढताना एकदा तरी विचार करा, की हे यंत्र भर हंगामात, रात्रीच्या वेळी, निफाडसारख्या एखाद्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हातात बंद पडलं, तर तो काय करेल? ज्यांना रंग दिसत नव्हते त्या लक्ष्मणरावांना हा शेतकरी मात्र स्पष्ट दिसत होता. त्यांच्या स्मृतीला वंदन करून थांबतो. आणि हो, तो १०.९ चा बोल्ट मी टाकून दिलेला नाही. हॉस्टेलवर माझ्या टेबलावर ठेवलाय, व्हायवाला जाताना बघून जातो!